अँटवर्पमधील गुरुवारची दुपार

अँटवर्प हे नाव आपल्या व्यापारी घरांत नवे नाही. कोणाचा भाचा, कोणाचा जावई, कोणाच्या शेजारच्यांचा मुलगा हिऱ्यांच्या निमित्ताने बेल्जियममधील या बंदराच्या गावी गेलेला असतो. तेथून परतलेली मंडळी ज्या गोष्टी सांगतात, त्याही ठरलेल्या असतात. १९०५ साली बांधून पूर्ण झालेले, उंच घुमटाचे मध्यवर्ती रेल्वे स्थानक. त्याच्या लगतच्या होव्हेनियर्सस्ट्राट या लहानशा रस्त्याच्या परिसरात एकवटलेला हिऱ्यांचा बाजार. आणि गावाच्या दक्षिणेला विलराइक या उपनगरात संगमरवरात उभे राहिलेले आपले जिनमंदिर. या तिन्ही गोष्टी पाहण्यासारख्या आहेत, यात शंका नाही. परंतु मी जे अँटवर्प पाहिले, ते प्रामुख्याने एका लांब टेबलाभोवती बसून, हातातील क्रोशाच्या सुईवरून नजर वर उचलून पाहिले. त्याविषयी आपल्या भगिनींना सांगावे, असे मनात आहे.

आमचे घर सांगलीचे आणि पेढी हळदीची. मुलगा हिऱ्यांच्या व्यवसायातील एका कचेरीत हिशेबाचे काम पाहतो आणि सूनबाईही नोकरी करतात. नातू शाळेत जाऊ लागला, तेव्हा मुलाने आग्रहाने बोलावले. यजमानांना पेढी सोडून इतके दिवस येणे शक्य नव्हते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस मी एकटीच गेले. तेथील पर्यटन व्हिसा नव्वद दिवसांचा असतो. नव्वद दिवस हा आकडा निघताना मोठा वाटला नाही. तेथे पोहोचल्यावर मात्र, सकाळी आठ वाजता तिघेही घराबाहेर पडले की, त्याची खरी लांबी कळू लागली.

परदेशी मुलांकडे राहून आलेल्या अनेक भगिनींना हा अनुभव असेल. घरात कसलीही उणीव नसते. डाळी, पिठे, मसाले मिळतात. मंदिरात गेले की आपली माणसे भेटतात. पण मंदिर एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला. आणि मधल्या सगळ्या रस्त्यावर ज्यांची भाषा आपल्याला येत नाही, असे लोक. त्यात तेथील उन्हाळ्याचा दिवस संपता संपत नाही. जून महिन्यात अँटवर्पला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणे इतके सोपे मला आयुष्यात कधी गेले नव्हते. पण जेवण उरकल्यावरही खिडकीबाहेर लख्ख उजेड आणि रस्त्यावर शुकशुकाट, हे दृश्य मनाला उदास करी. डिसेंबरात तेथे पाऊण-पाच होण्यापूर्वीच अंधार पडतो आणि कचेरीतून घरी येऊन वेळेत जेवणे अवघड होते, असे सूनबाई सांगत. सहा वर्षे त्या घरात राहूनही शेजारच्या एकाही घराचा उंबरठा त्यांनी ओलांडला नव्हता. त्यात कोणाचा दोष नव्हता. तसा प्रसंगच आला नव्हता.

माझ्या सामानात क्रोशाच्या चार सुया आणि पांढऱ्या सुताचे काही गुंडे होते. आमच्या पिढीतील मुलींना साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब हे चार टाके शाळेच्या पाढ्यांबरोबरच आले. माझ्या सासूबाईंनी विणलेले दाराचे तोरण आणि ताटावर झाकण्याचे रुमाल अजून आमच्या घरात वापरात आहेत. क्रोशे हा शब्द मुळात फ्रेंच असून त्याचा अर्थ लहानसा आकडा असा आहे, हे मला पुढे कळले. एका आकड्याने दोऱ्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून घेणे, एवढीच ही विद्या. दोन सुयांच्या विणकामात शेकडो टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात मात्र बहुधा एकच फास जिवंत असतो. म्हणून काम कोठेही थांबवता येते, पिशवीत टाकता येते आणि उसवणेही सोपे जाते. प्रवासी माणसासाठी याहून सोयीचा छंद मला तरी ठाऊक नाही.

तीन आठवड्यांत बरोबर नेलेले सूत संपले. घरापासून चार रस्ते पलीकडे लोकरीचे एक दुकान होते. दुकानाच्या मालकीणबाईंनी प्रथम मऊ मेंढीची लोकर आणि रेशीममिश्रित धागा पुढे केला. रेशीम आमच्या घरात वर्ज्य आणि हाताला सवय सुताची; तेव्हा मी खुणेनेच नको म्हटले आणि पिशवीतील अर्धवट रुमाल काढून दाखवला. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला, उलटी बाजू पाहिली आणि मान डोलावली. काम पारखणारा माणूस आधी उलटी बाजू पाहतो, हे हळदीच्या पोत्यापासून हिऱ्यापर्यंत सर्वत्र सारखेच असावे. त्यांनी सुताचे गुंडे बांधून दिले आणि एका कागदावर पत्ता लिहिला. तो त्या वस्तीतील ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्राचा होता. खाली लिहिले होते : गुरुवार, दुपारी दोन.

पहिल्या गुरुवारी मला सोडायला मुलगा आला आणि दारातूनच परत गेला. आत दहा-बारा खुर्च्या, एक लांब टेबल, कॉफीची किटली आणि विणणाऱ्या स्त्रिया. सर्वांत वडील बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका असून हे मंडळ त्यांनीच जमवले होते. दोघी-तिघी गावातल्याच, एक मूळच्या मोरोक्कोच्या, एक युक्रेनमधून आलेली तरुण आई, आणि टेबलाच्या कोपऱ्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या एक ज्यू बाई. मी धरून आम्ही दहा जणी झालो. इंग्रजी जेमतेम तिघींना येत होते आणि तेही माझ्याइतकेच.

तरीही बोलणे सुरू झाले, ते टाक्यांच्या नावांवरून. तेथील डच भाषेत साखळीच्या टाक्याला ‘लॉसे’ म्हणतात. त्याचा अर्थ सुटा. आपल्या मुक्या खांबाला ‘फास्ते’, म्हणजे पक्का. आणि ज्याला आपण खांब म्हणतो, त्याला ‘स्टॉक्ये’, म्हणजे लहानशी काठी. फ्रेंच बोलणाऱ्या बाईंनी सांगितले की, त्यांच्याकडे साखळीच्या टाक्याला हवेतला टाका म्हणतात. माझी पाळी आली, तेव्हा मी खांब म्हणजे घराचा आधार हे हातवारे करून सांगितले. पण मुका खांब कसा समजवावा? मी ओठांवर बोट ठेवले आणि मग टेबलाच्या पायाकडे बोट दाखवले. क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळ्या जणी खळखळून हसल्या. त्या दिवसापासून ‘मुका’ हा मराठी शब्द त्या टेबलावर रूढ झाला.

याहूनही उपयोगी पडली ती नकाशाची भाषा. क्रोशाचे नमुने शब्दांत लिहिले, तर घोटाळा होतो. ब्रिटिश पुस्तकात ज्याला डबल म्हणतात, त्याच टाक्याला अमेरिकन पुस्तकात सिंगल म्हणतात. परंतु खुणांनी काढलेला नकाशा बहुतेक सर्वत्र सारखाच वाचला जातो. लहान लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, इंग्रजी टी अक्षरासारखी खूण म्हणजे अर्धा खांब आणि त्याच खुणेला मध्ये एक तिरपी रेघ दिली की पूर्ण खांब. ज्या नमुन्याची भाषा मला ओळखता येत नव्हती, तो मी तासाभरात विणला आणि माझ्या सासूबाईंच्या तोरणाचा नमुना कागदावर काढून दिला, तो मोरोक्कोच्या बाईंनी पुढच्या गुरुवारी विणून आणला.

कॉफीबरोबर बिस्किटांची बशी फिरे. मी घरून डबा नेत असे. दुसऱ्या गुरुवारी माझ्या लक्षात आले की, कोपऱ्यातल्या ज्यू बाईही बशीला हात लावत नाहीत. त्या पिशवीतून स्वतःचे फळ काढून खातात. त्यांच्याकडे अन्नाचे कोशर नियम आणि माझ्याकडे माझे. मग त्यांनी आपली खुर्ची माझ्या शेजारी आणली. सूर्यास्ताचा हिशेब त्याही ठेवत. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी त्यांचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत त्या सुईला हात लावत नाहीत. कोणत्या दिवशी सूर्य केव्हा मावळेल, हे मिनिटासह तोंडपाठ असलेल्या आम्ही दोघीच त्या टेबलावर होतो.

बोलता बोलता कळले की, त्यांच्या यजमानांचे आयुष्य हिऱ्यांच्या बाजारात गेले आहे. त्या बाजाराची रीत आपल्या वाचकांना माहीत असेलच. सौदा ठरला की हातात हात देऊन ‘माझल’ हा हिब्रू शब्द उच्चारायचा. भारतीय व्यापारीही तोच शब्द उच्चारतात आणि मग सौदा फिरवता येत नाही. हा शब्द शुभेच्छेचा आहे. १९६० नंतरच्या दशकांत आपली मंडळी तेथे स्थिरावू लागली. तेव्हापासून ज्यू आणि जैन व्यापारी एकाच बाजारात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत आले आहेत. परंतु त्या बाईंनी मला हळूच विचारले, “तुमच्या बायका घरी काय करतात हो?” पुरुषांचे इतक्या वर्षांचे व्यवहार, आणि घराघरांत मात्र एकमेकींविषयी एवढीही माहिती नाही. तो प्रश्न मी सूनबाईंना त्याच रात्री सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

जुलैमध्ये आम्ही सहा जणी आगगाडीने ब्रुज या गावी गेलो. अँटवर्पहून सुमारे दीड तासाचा प्रवास. कालव्यांच्या या जुन्या गावात लेस विणण्याच्या कलेचे एक केंद्र असून तेथे दुपारी स्त्रिया प्रत्यक्ष विणताना पाहायला मिळतात. मांडीवर उशी, उशीवर नकाशा, नकाशावर टाचण्या आणि दोऱ्याच्या कित्येक लाकडी कांड्या. कांड्यांची जोडी उचलायची, एकमेकींवरून फिरवायची, टाचणी रोवायची. त्या हातांचा वेग असा की, आपल्याला फक्त लाकडाची टकटक ऐकू यावी. तरीही वीतभर लेस व्हायला दिवसच्या दिवस लागतात.

परतीच्या गाडीत निवृत्त शिक्षिकाबाईंनी जे सांगितले, ते मला विशेष मोलाचे वाटते. १९१४ साली पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापले, तेव्हा लेस विणणाऱ्या हजारो स्त्रियांचा दोरा बंद झाला आणि चूलही. हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखालील मदत समितीने धान्याबरोबर दोराही देशात आणण्याची आणि तयार लेस बाहेर विकण्याची व्यवस्था केली. त्या मजुरीवर घरे तगली. क्रोशाची कथाही अशीच आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि सुमारे दहा लाख माणसे दगावली. त्या काळात मठांतील जोगिणींनी आणि काही धर्मोपदेशकांच्या पत्नींनी गावोगावच्या मुलींना क्रोशे शिकवले. क्लोन्स या गावी कॅसान्ड्रा हँड या बाईंनी १८४७ साली हे काम सुरू केले आणि तेथील क्रोशाच्या लेसला त्या गावाचेच नाव मिळाले. कांड्यांच्या किंवा सुईच्या लेसपेक्षा क्रोशे लवकर होते आणि एका आकड्यापलीकडे भांडवल लागत नाही, म्हणून उपाशी घरांना ते परवडले.

आपल्या देशातही आंध्रातील नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला आणली आणि तेथील क्रोशाची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्या विणकर स्त्रियांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, तासन्‌तास विणणाऱ्या या स्त्रियांना कोणी कामगार मानतच नव्हते. त्या घरीच बसतात, फावल्या वेळात विणतात, अशी समजूत करून घेऊन मजुरी अत्यल्प दिली जाई आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई. आपण व्यापारी घरातल्या आहोत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. खरे क्रोशे विणणारे यंत्र आजवर बाजारात आलेले नाही. दुकानात क्रोशाचा झगा किंवा टेबलक्लॉथ स्वस्तात दिसला, तर तो कोणाच्या तरी बोटांनी टाका टाका करून विणलेला आहे, हे निश्चित. भाव कमी असेल, तर ती कमी कोणाच्या पदरात पडली, हे ओळखायला हिशेबनीस लागत नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला शिक्षिकाबाईंनी सुचवले की, सगळ्या जणींनी चौकोन विणून एक पांघरूण करावे आणि ते एखाद्या गरजू माणसाला द्यावे. ज्याला इंग्रजीत आजीचा चौकोन म्हणतात, तो हा नमुना : मध्ये साखळीचे कडे, मग तीन-तीन खांबांचे झुबके आणि चार कोपऱ्यांत साखळी. प्रत्येक फेरीला चौकोन वाढत जातो. एकाच जाडीचे सूत, चार मिलिमीटरची सुई, सहा फेऱ्या आणि बाजू पंधरा सेंटिमीटर, असे ठरले. त्यानंतरच्या गुरुवारी शिक्षिकाबाई आल्या नाहीत. कमरेच्या दुखण्यामुळे त्यांना पन्नास वर्षांचे राहते घर सोडून वृद्धनिवासात जावे लागणार होते. तेथे एक खोली, एक कपाट आणि खिडकी. मंडळातल्या उरलेल्या नऊ जणींनी तेव्हाच ठरवले की, पांघरूण त्यांनाच द्यायचे.

नऊ जणी, प्रत्येकीचे बारा चौकोन. मी मनात गुणाकार केला आणि एकशे आठ हा आकडा आल्यावर माझे मलाच हसू आले. आडव्या नऊ आणि उभ्या बारा ओळी. एका माणसाच्या पलंगाला पुरेसे. परंतु चौकोन टेबलावर मांडले, तेव्हा अडचण उभी राहिली. तेच सूत, तीच सुई, टाकेही मोजून तेवढेच. तरी ज्यू बाईंचा चौकोन चौदा सेंटिमीटरचा आणि मोरोक्कोच्या बाईंचा साडेसोळाचा. प्रत्येक हाताची वीण निराळी असते. कोणी दोरा आवळून धरते, कोणी सैल सोडते. युक्रेनच्या मुलीची वीण तर एकाच चौकोनात बदलत असे. ज्या दिवशी घरून फोन येई, त्या दिवशीच्या फेऱ्या घट्ट. यावर उपाय आहेत. घट्ट हाताच्या बाईने अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घ्यावी, सैल हाताच्या बाईने तेवढीच बारीक. जे चौकोन आधीच झालेले असतील, ते ओले करून पाटावर नेमक्या मापाने टाचण्या लावून वाळवावेत. कोणाचाही चौकोन आम्ही उसवला नाही.

माझे तिकीट ऑगस्टच्या चोविसाव्या तारखेचे होते आणि जोडकाम निम्मेही झाले नव्हते. गुरुवार अपुरे पडू लागले, तेव्हा सूनबाईंनी स्वतः होऊन सांगितले, “आई, सगळ्यांना शनिवारी आपल्या घरी बोलवा.” मी त्यांना शब्बाथची आठवण केली, तेव्हा त्यांनी रविवार ठरवला आणि लसूण न घातलेला सांगलीचा भडंग केला. ज्यू बाईंना परक्या घरचे शिजवलेले चालत नाही, हे लक्षात ठेवून त्यांनी न चिरलेली संत्री आणि केळी निराळ्या कागदी ताटात ठेवली. त्या बाईंनी ताटाकडे पाहिले, मग सूनबाईंकडे पाहिले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. भडंगावर मात्र बाकीच्यांनी असा हात मारला की, नातवासाठी मूठभरही उरला नाही. त्या दिवशी दुपारपासून संध्याकाळपर्यंत नऊ जणी आणि सूनबाई मिळून आम्ही मुक्या खांबाने चौकोन जोडत राहिलो.

बुधवारी पांघरूण पोहोचते केले. शिक्षिकाबाई प्रथम घ्यायला तयार होईनात. “मी गरजू नाही,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यावर ज्यू बाई म्हणाल्या, “खोली नवी असते, तेव्हा प्रत्येक जण गरजू असतो.” शिक्षिकाबाईंनी पांघरूण उलटे केले, मागची बाजू तपासली, एका जोडावरून बोट फिरवले आणि ते पलंगावर घातले. कोणता चौकोन कोणाचा, हे त्यांनी एकही चूक न करता ओळखले.

आता मी सांगलीत आहे. सूनबाई महिन्यातून दोन गुरुवार अर्धी रजा टाकून त्या टेबलाशी जातात. क्रोशे त्यांना येत नव्हते. मुका खांब त्यांना मोरोक्कोच्या बाईंनी शिकवला, आणि तो शब्द मराठीतूनच.

ज्या भगिनी मुलांकडे परदेशी जाणार असतील, त्यांना एवढेच सांगणे आहे. सामानात दोन मापांच्या सुया आणि सुताचे चार गुंडे जरूर ठेवावेत. निघण्यापूर्वी नकाशाच्या खुणा शिकून घ्याव्यात. त्याला एक दुपार पुरते. तेथे पोहोचल्यावर मुलांना आपल्यासाठी मैत्रिणी शोधायला सांगू नये. जवळचे लोकरीचे दुकान शोधायला सांगावे. खाण्याचे नियम सांगताना संकोच करू नये. डबा न्यावा आणि उघडपणे खावा. आणि जमल्यास सुनेला किंवा मुलीला एकदा तरी बरोबर न्यावे. आपले दिवस नव्वदच असतात, त्यांना मात्र तेथेच राहायचे असते.